अठ्ठावन्न भागांचा डॉक्टर

सुजित घोलप डॉक्टर नाही, हे संत तुकाराम नगरातल्या त्याच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लोक त्याला डॉक्टरच म्हणत. आधी चेष्टेनं म्हणत, मग सवयीनं. पुढे ते मनापासून म्हणू लागले आणि तिथंच सगळी भानगड झाली.

तळवड्याच्या एका कारखान्यात तो कायम कामगार होता. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दोनदा अभिनयाचं बक्षीस मिळालं, तेव्हा एका परीक्षकानं त्याला मालिकेसाठी बोलावलं. ‘दवाखाना चालू आहे’ असं मालिकेचं नाव. त्यातली त्याची भूमिका म्हणजे वस्तीतला एक डॉक्टर, तापट, फाटका, गरिबांसाठी जिवाचं रान करणारा. सुजितनं दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. बायको शैला म्हणत होती, ‘अहो, निदान बिनपगारी रजा तरी टाका.’ पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालचं ऐकू येत नाही. बघायला कोणी नाही म्हणून वाहिनीनं अठ्ठावन्नाव्या भागाला गाशा गुंडाळला. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. सुजित त्याच कारखान्यात परत गेला, पण कंत्राटी म्हणून, आणि तेही ज्यांना त्यानं काम शिकवलं होतं त्यांच्याच हाताखाली.

संध्याकाळी मात्र तो जिन्याखाली खुर्ची टाकून बसला की कोणी ना कोणी येई. ‘डॉक्टर, गुडघा धरलाय.’ ‘डॉक्टर, ही गोळी जेवणाआधी की नंतर?’ चित्रीकरणाच्या वेळी एका खऱ्या डॉक्टरनं त्याला नाडी कशी धरायची, जीभ कशी बघायची ते दाखवलं होतं. तेवढ्या भांडवलावर त्याचं दुकान चाललं होतं. शेवटी तो न चुकता म्हणे, ‘तरी एकदा दवाखान्यात दाखवा हं.’ तेवढं म्हटलं की आपण सुटलो, अशी त्याची समजूत. राग यावा असंच हे वागणं. पण दिवसभर ज्याला ‘ए घोलप’ यापलीकडे हाक नाही, त्याच्यासमोर कोणी विश्वासानं मनगट धरलं तर तो उठून जाईल? कोणीच गेलं नसतं.

शेजारच्या सुभद्राबाई त्याच्या सगळ्यांत मोठ्या भक्त. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. पोळीभाजी विकून त्यांनी दिव्याला, एकुलत्या एक लेकीला शिकवलं. सुजितनं नाडी बघितल्याशिवाय त्या सर्दीचीसुद्धा गोळी घेत नसत.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सुजित पहिल्या शिफ्टला निघाला होता. जिन्यात सुभद्राबाई बसल्या होत्या. चेहरा घामानं डबडबलेला. दिव्यानं फाटकाशी रिक्षा आणून उभी केली होती.

‘डॉक्टर, बघा वो जरा. पहाटंपास्नं छातीत जळतंय. हाताला मुंग्या आल्यात.’

कोपऱ्यावर कंपनीची बस हॉर्न देत होती. सुजितनं उभ्याउभ्याच नाडी धरली, मालिकेत धरायचा तशी, डोळे मिटून.

‘पित्त आहे, मावशी. थंड दूध घ्या आणि जरा पडून राहा.’

‘बघ! मी म्हनलं न्हवतं?’ सुभद्राबाई लेकीला म्हणाल्या. रिक्षा परत गेली.

कारखान्याच्या गेटवर फोन जमा करून आत शिरल्यावर सुजितच्या ध्यानात आलं, की आज आपण ‘दवाखान्यात दाखवा’ म्हटलंच नाही. त्याला चुटपुट लागली. पण फोन तर आता सुट्टीपर्यंत मिळणार नाही, आणि पित्तच असणार, असं त्यानं स्वतःला आठ तास बजावलं.

साडेतीनला गेटवर फोन हातात आला, तर दिव्याचे अकरा कॉल. तिला फोन लावून त्यानं रुग्णालय विचारलं आणि रिक्षा केली. वाटभर तो शिव्या खायची तयारी करत होता.

दिव्यानं शिव्या दिल्या नाहीत. ‘दादा, बरं झालं आलात,’ ती म्हणाली. ‘दुखणं थांबेना म्हणून शेवटी इथं आणलं, तर हार्ट अटॅक आहे. बारा वाजल्यापासून इथल्या डॉक्टर मॅडम म्हणतायत, आत घेऊ, ब्लॉकेज काढू. आई ऐकत नाही. म्हणते, आधी आपल्या डॉक्टरांना विचार.’

म्हणजे ते अकरा कॉल त्याची परवानगी मागायला होते. सुजितला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुभद्राबाईंनी त्याला पाहिलं आणि सुया टोचलेला हात पुढे केला. ‘आलात? बघा आता. तुमी व्हय म्हना, मी सही करते.’

नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. सकाळचं कोणाला कळलं नसतं आणि त्याची डॉक्टरकीही शाबूत राहिली असती. मालिकेतला तो भारदस्त आवाज त्याच्या घशापर्यंत आलाही होता. पण समोरचं मनगट धरायला त्याचा हात उठेना.

‘मावशी, सकाळी मी चुकलो,’ तो म्हणाला. ‘मला नाडीतलं काही कळत नाही. कधीच कळलं नाही. या मॅडमना कळतं. त्यांचं ऐका.’

सुभद्राबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. ‘मग इतकी वर्सं हात धरून काय बघत व्हता?’

सुभद्राबाईंनी पेन मागून घेतलं, वेडीवाकडी सही केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. लगेच त्यांना आत नेलं.

सव्वा तासानं डॉक्टरबाई बाहेर आल्या. वयानं लहानच, पण दमून गेलेल्या. ‘वाचल्यात,’ त्या म्हणाल्या. ‘पण हृदयाचा बराच भाग कायमचा गेलाय. आता जिने नाहीत, पोळ्या लाटणं नाही, दगदग नाही. सकाळीच का नाही आणलंत?’

दिव्यानं मान खाली घातली. ‘आम्हाला पित्त वाटलं,’ ती पुटपुटली.

ती त्याला पाठीशी घालत होती, आणि ते त्याला सोसलं नाही.

‘हिला नव्हतं वाटलं. हिनं रिक्षा आणली होती,’ सुजित म्हणाला. ‘मी पित्त आहे म्हणून सांगितलं आणि रिक्षा परत गेली.’

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं. ‘तुम्ही कोण?’

‘मी तळवड्याला कंपनीत असतो,’ तो म्हणाला. ‘माल तपासतो.’