शहागडच्या तुरीतल्या माश्या

दैवशालाचा राग तसा सावकाश चढणारा. त्या दिवशी मात्र तो फोनवरच चढला.

फोन माहेराहून, शहागडहून, भावजयीचा, मीनाचा होता. गावातल्या बायांच्या गटाची बियाण्याची खोली मीनाच्या ताब्यात असते.

"अक्का, आपली तूर बाद केली म्हणं. सगळ्यात जास्ती किडीची निघाली. उद्या तुमच्या जाफराबादकडची तूर टेम्पोत येऊन राह्यली. ती पेरा, आपली दाळीला द्या म्हंत्यात."

"कोण म्हणतंय?"

"संस्थेचा आदिनाथ. आकडे तुमच्याच वहीतले हायेत म्हणला."

दैवशालाचं अंग तापलं. वही तिची होती, हे खरं. रोज चार ओळी लिहिल्याशिवाय ती झोपत नसे, म्हणून तर बियाणं तपासणाऱ्या संस्थेनं हिवाळ्यात जाफराबाद, अंबड आणि शहागड अशा तीन ठिकाणच्या तुरीचे दाणे काचेच्या तीन बरण्यांत भरून, तोंडाला मलमल बांधून तिच्याकडे ठेवले होते. देवघराच्या फळीखाली त्यांना कुणाचा धक्का लागत नसे. सकाळची पूजा झाली की ती बरण्या उजेडात धरायची. दाण्याला गोल भोक पाडून भुंगा बाहेर आला की मोजायची, लिहायची.

शहागडच्या बरणीतून भुंग्यांबरोबर तिळाएवढ्या काळ्या माश्याही निघू लागल्या. आधी तिला वाटलं, ही आणखी एक पीडा. मग एक दाणा सुईनं फोडला. आत भुंग्याच्या अळीची नुसती साल उरली होती आणि तिच्यावर माशीचं पिल्लू पोसलं होतं. माशी दाणा खात नव्हती, दाणा खाणाऱ्याला खात होती. एवढ्याशा दाण्यातही देवानं राखणदार बसवलाय, म्हणून तिनं हात जोडले, आणि त्या दिवसापासून पानावर उभी रेघ मारून भुंगे एकीकडे, माश्या दुसरीकडे लिहिल्या.

आदिनाथ पहिल्या महिन्याचे आकडे उतरवून गेला होता. शहागडचे तीस भुंगे, एकोणऐंशी माश्या. जाफराबादचे एकसष्ट भुंगे, माश्या दोनच; इकडे कापसावर उठता-बसता फवारणी, माशी जगणार कुठं? पण त्याच्या छापील कागदावर रकाना एकच होता, 'कीड'. त्यानं बेरीज करून टाकली. एकशे नऊ आणि त्रेसष्ट.

पुंजाराम, तिचा नवरा, ओट्यावर खुशीत बसला होता. "अगं, सगळ्यात कमी किडीची म्हणून आपली तूर पयली आली! माझ्या हातात नारळ दिला सगळ्यांपुढं."

"तो नारळ परत करा."

"येडी झाली का? आपल्याच घरच्या बियाण्याला नावं ठेवती?"

"घरचं हाय म्हणून काय झालं? किडकं ते किडकं. माझ्या माहेरच्या वावरात कशाला घालता?"

सकाळच्या पहिल्या एसटीनं ती निघाली. शहागडची आणि जाफराबादची अशा दोन बरण्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर. जालन्याला गाडी बदलली, अंबड मागं पडलं, तरी जबडा आवळलेलाच.

शहागडला खोलीपुढं टेम्पो उभा होता. बाया गोळा झाल्या होत्या. आदिनाथ हातात कागद घेऊन पोती उतरवायला सांगत होता.

"पोत्याला हात लावू नका," दैवशाला म्हणाली.

"मावशी, तुम्ही? अहो, तुमच्याच गावची तूर हाय की!"

"म्हणून तर आले. माशी कीड हाय असं कुणी सांगितलं तुला?"

"बरणीतून निघाली ती कीड. सोपं हाय."

"मंग राखणदार चोराच्या मागं धावला तर तू दोघांनाही चोर लिवणार का रे? शिकून हेच आलास?"

बाया हसल्या. आदिनाथचे कान लाल झाले. "आकडे वर गेले, मावशी. आता बदलता येत न्हाईत."

"आकडे वर गेले, पण दाणे इथंच हायेत ना?"

तिनं मीनाकडून पांढरं धोतर मागून जमिनीवर पसरलं आणि दोन्ही बरण्या ओतल्या. शहागडच्या ढिगात भोकं होती, पण बरेच दाणे धड होते. भुंगे निघायचे केव्हाच थांबले होते. जाफराबादच्या ढिगात धड दाणा शोधावा लागत होता, आणि भुंगे धोतरावर सैरावैरा पळत सुटले.

"बरणीतलं वेगळं, पोत्यातलं वेगळं," आदिनाथ पुटपुटला.

दैवशालानं टेम्पोतल्या वरच्या पोत्याची शिवण दातानं तोडली. पोत्यावर पुंजारामचंच नाव होतं. ओंजळभर तूर काढून तिनं आदिनाथच्या छापील कागदावर ओतली. त्याच्या मनगटावर भुंगा चढला, तसा त्यानं कागदच टाकून दिला.

मीनानं बियाण्याच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "आमची तूर दाळीला जाणार न्हाई. न्या तुमची पोती."

आदिनाथनं कागद उचलला, झटकला आणि त्यावर लिहिलं : गावाचे सहकार्य नाही.

"लिव," दैवशाला म्हणाली. "माझं नाव पण लिव. पूर्ण लिव."

परतीची एसटी निघून गेली होती. टेम्पो जाफराबादलाच जाणार होता, म्हणून ती मागं चढली आणि नवऱ्याच्या नावाच्या पोत्यावर बसली. घरी काय ऐकावं लागणार ते तिला ठाऊक होतं. राग मात्र कणभरही उतरला नव्हता. उत्तरं ती वाटेतच तयार करत होती.