हेमराजचं बोट

साखर सोडा म्हणे! आणि कुणाला, तर हेमराज पौनीकरला. ज्याची तीस वर्षं इतवारीत चंपतरावांच्या भट्टीवर साखरेच्या वाफेत गेली, ज्याच्या हातच्या साखरगाठ्या होळीला साऱ्या तांडापेठेतल्या पोरांच्या गळ्यात दिसतात, त्याला! पण पायाची जखम दोन महिने भरेना, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तेव्हा दिवाळी होताच बायको मैनाबाई त्याला धरून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर चिन्मयीने कागद पुढे सरकवला. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर.

"गोड बंद करा, काका. आणि भट्टी सोडता आली तर बघा," ती म्हणाली.

गोडाचं हेमराजनं सोसलं असतं. भट्टी सुटली तर आपण सकाळी उठायचं कशाला, हेच त्याला कळेना. घरी आल्यावर मैनाबाईनं निकाल देऊन टाकला.

"होळीच्या आधी परत तपासू. खाली नाही आली, तर पारशिवनीले माझ्या भावाच्या दुकानात बसा. खिळे विका."

"खिळे?"

"हो, खिळे. ते गोड नसतात."

झालं. त्या दिवसापासून हेमराज संन्यासी झाला. चहा बिनसाखरेचा, जिलबीकडे पाठ, प्रसादाचा पेढा कपाळाला लावून शेजाऱ्याच्या हातात. आणि गंमत बघा, साखर सोडलेल्या माणसाला जिथे तिथे साखरच दिसते. इतवारीच्या गल्लीतून हातगाडी गेली तरी तिच्यावरची पोती त्याला वासानं ओळखू यायची.

दुपारचे चार वाजले की तलफ यायची. जीभ आतल्या आत वळवळायची, पाय हलके व्हायचे, आणि कढईच्या वाफेतून भट्टी हळूहळू विरून जायची. मग तिथे तांडापेठेतलं जुनं घर दिसायचं. बाबा हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, धोटा इकडून तिकडे जातोय, आणि लहानगा हेमराज ताण्याच्या उभ्या धाग्यांखाली उताणा पडून वर बघतोय. धागे पांढरे असायचे, पण बघता बघता ते पाकाचे व्हायचे, काचेसारखे, आणि त्यातून ऊन गळत गळत त्याच्या ओठावर यायचं. किती गोड होतं ते ऊन! मग कुणीतरी हाक मारायचं, तो दचकायचा, दोन फुटाणे तोंडात टाकायचा, घोटभर पाणी प्यायचा आणि पुन्हा कढईकडे वळायचा. असे तीन महिने त्यानं काढले. एक बत्तासा खाल्ला असेल तर शपथ!

फेब्रुवारीत कागद आला. नऊ पॉइंट आठ.

ऑटोत मैनाबाई कोपऱ्याला सरकून बसली. अग्रसेन चौक मागे पडला. मग म्हणाली, "साखरेचं खाणार त्याले देव देणार म्हनतात. तुमाले देवानं लई देलं."

"नाही खाल्लं वं, मैना. कोराडीच्या देवीची आन."

"देवीले मधात नका आनू. मी रोज बिनसाखरेचा चहा पिऊन राहिली तुमच्यासंगं. अन् तुमी तिकडं चोरून खाऊन राहिले."

ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती रस्त्याकडे बघत राहिली. हेमराजला अपराध न करता अपराधी वाटायला लागलं. आपण झोपेत तर खात नाही ना, असाही विचार त्याच्या मनात येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मैनाबाई त्याच्या पाठोपाठ भट्टीवर हजर! मालक चंपतराव लगबगीनं पुढे आले.

"वहिनी, चहा सांगू?"

"नको. मी बसते. चोर पकडाचा हाये."

आणि ती साखरेच्या पोत्यावरच मांडी घालून बसली. गाठ्यांचा हंगाम ऐन भरात होता. लाकडी साच्यांत दोरे अंथरून ठेवले होते, त्यांच्यावर पाक ओतायचा होता, आणि पाक कधी उतरवायचा ते एकट्या हेमराजला कळत होतं. त्यानं झाऱ्यावरून थेंब उचलला, अंगठा आणि बोट अलग केलं, मध्ये तार आली. उजेडाकडे धरून त्यानं ती बघितली. मग बोट तोंडात घातलं, चाटलं, आणि झारा परत कढईत.

थोड्या वेळानं पुन्हा थेंब, पुन्हा तार, पुन्हा बोट तोंडात. मैनाबाई सरळ होऊन बसली. तासाभरात तिनं अकरा वेळा बघितलं.

"अवो, बोट काहून चाटून राहिले?"

"कोन?"

"तुमी!"

"मी? कधी?" हेमराज म्हणाला, आणि खरंच सांगतो, त्याला ठाऊक नव्हतं. बोट तेव्हाही त्याच्या ओठाशीच होतं. ते बघून चंपतरावांनी आ वासला. तीस वर्षं रोज बघत होते बिचारे, म्हणून त्यांनाही कधी दिसलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मैनाबाईचा राग मात्र उतरला. तिला काहीतरी आठवलं होतं.

"हे तर मामंजीचं बोट हाये," ती हळूच म्हणाली.

हेमराजनं आपल्या बोटाकडे बघितलं. बाबा. ताण्यातला धागा तुटला की बाबा बोट जिभेला लावायचे, ओल्या बोटानं दोन्ही टोकं वळायचे, आणि धागा पुन्हा एक व्हायचा. दिवसातून शंभरदा. पाच वर्षांचा हेमराज बाजूला बसून तेच करायचा, धागा नसला तरी. माग विकला, बाबा गेले, हेमराज साखरेत आला. बोटाला हे कुणी सांगितलंच नाही. तार दिसली की ते आपलं जिभेकडे निघायचं.

"आता काय करू वं? हात कापू?" त्यानं बोट तिच्यापुढे धरलं.

"गप बसा. हातानंच तर घर चाललं."

दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेतून मामंजींनी शेवटचा विणलेला दुपट्टा काढला आणि हेमराजच्या खांद्यावर टाकला. तार बघायची आणि बोट याला पुसायचं, बस्स. पण जित्याची खोड! बोट निघायचं ते तोंडाकडेच. मग पोत्यावरून मैनाबाई खाकरायची. बोट मध्येच थांबायचं, आणि ओशाळून दुपट्ट्याकडे वळायचं. आठवडाभर ती अशी खाकरत बसली, घसा बसेस्तोवर. नंतर ती यायची थांबली तरी हेमराजला चार वाजता वाफेतून तिचं खाकरणं ऐकू यायचं. कधी कधी त्याच वाफेत बाबाही असायचे. मागावरून मान वर करून बघायचे आणि हसायचे.

पहिल्याच संध्याकाळी दुपट्टा वाळल्या पापडासारखा कडक झाला होता. मैनाबाईनं तो बादलीत बुडवला, पिळला, आणि काय मनात आलं कोण जाणे, पाण्यात बोट घालून चाखलं.

"अगं माय वं! इतकी?" ती बादलीपाशीच बसली आणि आता मात्र रडली. "इतकी रोज पोटात जाय तुमच्या. अन् मी तुमाले चोर म्हनलं."

हेमराज तिच्या शेजारी ओल्या फरशीवर टेकला.

मे महिन्यात कागद आला. सात पॉइंट एक. डॉक्टर चिन्मयीनं विचारलं, "काय केलंत, काका?" "बोट पुसलं," हेमराज म्हणाला. तिला वाटलं, काका थट्टा करतात. खिळ्यांचं दुकान तिकडे पारशिवनीलाच राहिलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यानं दुपट्टा दोरीवर टाकला. धुवायचा होता, पण मैनाबाई देवळात गेली होती, आणि तो पायरीवर नुसता बसून राहिला. उन्हं कलली होती. दोरीवरून मुंग्यांची रांग निघाली, दुपट्ट्यावर उतरली, बाबांच्या विणीत शिरली आणि साखरेचा एकेक कण घेऊन परत निघाली. हेमराज कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत होता. मग पुढे वाकून अगदी मायेनं म्हणाला, "दमानं खा गा, बाबू. मले नऊ पॉइंट आठ झाली होती."