देवापुढची मराठी

मित्राच्या मुलीच्या लग्नाला मी इंदिरानगरच्या चर्चमध्ये गेलो होतो. सगळे कन्नडमध्ये गात होते आणि माझ्या शेजारची आजी त्याच चालीवर, सगळ्यांहून मोठ्यानं, मराठीत!

पुढची बाई वळली. "अज्जी, स्वल्प हळू!"

"आजी, मराठीत?" मी कुजबुजलो.

"इथं मराठी म्हणणारी मी एकटीच, बाळा," आजी बेळगावी हेलात म्हणाली. "गप्प बसले तर विसरीन की! वर स्वर्गात देवापुढं सगळ्या भाषांची माणसं गाणार. तिथं आपली भाषा नको होय?"

मी पडलो गणपतीवाला! पण पुढच्या कडव्याला तिनं आपलं गीतांचं पुस्तक माझ्यापुढं धरलं. मी घसा खाकरून रेड्याच्या सुरात सुरू झालो.

बाई पुन्हा वळली.

"वळू दे," आजी म्हणाली. "आता आपण दोघं आहोत."