कपाळाची कातडी

नाकाच्या शेंड्यावरचा फोड दोन वर्षं बरा होत नव्हता. निरवांगीच्या आमच्या रानात भेंडी तोडताना ऊन लागलं असेल, असं म्हणत मी हळद लावत राहिले. बारामतीच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला आणि त्वचेचा कॅन्सर निघाला. तेवढा भाग काढायचा, मग कपाळाची कातडी खाली वळवून नाक घडवायचं. तीन आठवडे ती कातडी भुवईपासून नाकापर्यंत पट्टीसारखी लोंबत राहणार, मग दुसऱ्या ऑपरेशनला ती मधली पट्टी तोडायची. ऐकूनच माझा धीर सुटला. रोज महादेवाचं नाव घेणारी मी, पण त्या दिवसापासून माझ्या तोंडून ते निघेना.

ऑपरेशनच्या सकाळी सहीचा कागद समोर आला, तेव्हा मी मालकांना म्हणाले, "मला न्हाय करायचं. घरी चला." ते पिशवी आणायला आत गेले. मी बाहेर बाकावर पदरात तोंड झाकून रडत बसले.

शेजारी कोऱ्हाळ्याची एक आज्जी येऊन टेकली. "का रडतीस गं, बाई?" मी सगळं सांगितलं. तिनं माझा हात धरून स्वतःच्या नाकावर ठेवला.

"दाबून बघ. ही माझ्या कपाळाची कातडी हाय."

नाक मऊ, ऊबदार होतं. कपाळावरची बारीक पांढरी रेघ मला तोवर दिसलीही नव्हती.

"त्या तीन आठवड्यांत नाकावर माशी बसली की माझं कपाळ खाजायचं," ती म्हणाली, आणि रडता रडता मला हसू फुटलं.

"तपासणीला आलाय का, आज्जी?"

"व्हय. पण तारीख उद्याची हाय म्हणं. मला वाचाया येत न्हाय, चुकून आजच आले."

चुकून आलेली ती नेमकी माझ्याच शेजारी टेकली होती. मी उठले, आत गेले आणि सही केली.

ते तीन आठवडे फार अवघड गेले. मालक रोज स्वतः जखम पुसायचे, "दुखतंय का?" एवढंच विचारायचे. त्यांनी एकदाही नजर वळवली नाही.

आता डॉक्टर म्हणतात, काही उरलेलं नाही. आज्जीचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. तिला कुणी पाठवलं, याचा वाद मी घालत नाही. परवा महादेवाच्या देवळात गेले, तर मागायचं काही सुचेना. माझं काय करायचं ते त्याला माझ्यापेक्षा नीट कळतं, एवढं मला पुरलं. हात जोडून मी नुसती बसून राहिले.