खात्यातली भाषा

आज माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, जुन्या शर्टाची घडी घालताना लूमच्या तेलाचा वास आला आणि मला परदेशातली ती विणकामाची खोली आठवली.

टेक्स्टाइल डिझाइन शिकायला एका सत्रापुरती मी तिकडे गेले होते. खोलीत हातमाग, खिडकीबाहेर बर्फ, आणि बोलायला मनाई. सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात वाढलेल्या मला त्या शांततेत झोपही लागत नव्हती. परत निघायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

तेवढ्यात अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. ते सुरतेतल्या कतारगामच्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, चालू लूमांमध्ये उभे होते. तिथे कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कारागीर ओठांनी आणि हातांनी बोलतात. लहानपणी अण्णांचा डबा घेऊन जाता जाता मीही ते शिकले होते.

मी फोनचा आवाज बंद केला.

“काय जयं?” काय झालं, असं त्यांचे ओठ विचारत होते.

मी जुळवलेली दोन बोटं झटकन दूर केली. खात्यात त्याचा अर्थ, धागा तुटला.

 अण्णांनी नसलेला धागा चिमटीत धरून हवेतच गाठ मारली, आणि लूम चालू कर, अशी खूण केली.

मी डोळे पुसले आणि मागावर बसले.

त्याच खडखडाटाने पुढे अण्णांचे कान नेले. परवा डॉक्टर हळुवारपणे म्हणाले, “आता घरच्यांना खुणांनी बोलायला शिकावं लागेल.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी हवेत एक गाठ मारली.