पुढे चाल

खो-खोत पाठीवर तळहात पडतो आणि 'खो' म्हणतात, तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मैदानाच्या कडेला म्हशी राखत होतो. म्हशी दुसऱ्याच्या ज्वारीत शिरल्या तरी मला कळलं नाही. पुढं लोहाऱ्याच्या याच मैदानावर फक्की मारायचं, म्हणजे खेळांसाठी चुन्याच्या रेघा ओढायचं काम माझ्याकडं आलं. फक्की झटकली की जाते. किस्से अंगावरनं जात नाहीत.

जिल्ह्याच्या खेळांत क्रिकेट उशिरा आलं, ते भाऊबंदासारखं. आल्याआल्या वाटणी मागितली.

पहिल्या साली स्टंप नव्हते. पंच होते कबड्डीचे कदम सर. त्यांनी खो-खोचा खांबच स्टंप धरला. चेंडू खांबावर जाऊन आदळला, तरी उमरग्याचा फलंदाज हलेना.

"सर, खांब पडला न्हाय. म्या आउट कसा?"

सरांनी खांब हलवून बघितला. हलला नाही. नॉटआउट!

*

एकदा चेंडू लांब उडीच्या वाळूत जाऊन बसला. फील्डर आत शिरणार, तर उडीचे मास्तर टेप धरून आडवे. आधी माप होऊ दे म्हणाले. तेवढ्यात फलंदाजांनी सात धावा पळून काढल्या.

चेंडू उचलल्यावर वाळूत खळगा राहिला. मास्तर तिथं वाकले आणि म्हणाले, "ही उडी कुणाची?"

*

समोरचा संघ आला नाही, की आलेल्या संघाला न खेळता पुढची फेरी मिळते. त्याला 'पुढे चाल' म्हणतात.

एका साली उमरग्याचा कबड्डीचा संघ वाटेत अडकला. माईकवर सांगितलं, "जळकोटला पुढे चाल." तेव्हा क्रिकेटमध्ये जळकोटचाच गडी बॅट घेऊन उभा होता. तो मुकाट्यानं दोन पावलं पुढं चालला. मागं विकेटकीपरनं बेल्स उडवल्या.

*

माझी नात रेखा खो-खोची. खो-खोत पाठलाग करताना एकदा दिशा धरली की माघारी वळता येत नाही. गेल्या साली मुलींच्या क्रिकेटमध्ये एक जण कमी पडली, म्हणून हिला उभी केली.

पहिल्याच चेंडूला पळाली. समोरची ओरडली, "माघारी फिर!" रेखा पळतच राहिली आणि रनआउट झाली. सगळ्यांनी तिला धारेवर धरलं. मला एवढंच म्हणाली, "आबा, दिशा धरली व्हती."

*

यंदा क्रिकेटची गोल रेघ ओढता ओढता खो-खोचं मैदान कुंपणाला जाऊन टेकलं. रेघ मीच ओढत होतो. सकाळपासून जिवाला चैन नव्हतं. खो-खोची फायनल जिंकेल तो संघ विभागाला जाणार, आणि रेखाचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष. तिचं नाव दोन्ही खेळांत.

क्रिकेट लांबलं. शेवटची जोडी मैदानात, चार धावा हव्यात, बॅटिंगला रेखा. तिकडं कुंपणापाशी आठ पोरी आणि त्यांच्या बाई उभ्या. बाई दर मिनिटाला घड्याळ बघायच्या आणि मग माझ्याकडं.

माईकवर आवाज आला, "लोहाऱ्याचा नववा खेळाडू पाच मिनिटांत आला नाही, तर जळकोटला पुढे चाल."

मी फक्कीची पाटी घेऊन रेघेवर उभा. हाक मारावीशी वाटत होती. बॉलरनं धाव घेतली. रेखानं हात वर करून तिला थांबवलं, रेघेपर्यंत आली आणि बॅट माझ्या पाटीत ठेवली.

मागनं हेडमास्तर ओरडले, "रेखा, चारच राहिल्यात! माघारी फिर!"

ती कुंपणाकडं चालू लागली.