फॅमिली केबिनला खिडकी नव्हती

रविवार. बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा.

काचबिंदूमुळे आईची नजर जात चाललीय. दिसतंय तोवर तिला दरी बघायची होती, म्हणून आज संध्याकाळी उजेड असतानाच मांजरसुंब्याच्या घाटातल्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये गेलो. दरीकडच्या टेबलांवर सगळे पुरुषच.

"भाऊ, फॅमिली आत बसवा," मालक म्हणाले. आतल्या केबिनला पडदा होता, खिडकी नव्हती.

"आईला दरी बघायचीय हो."

"मावशीलाच विचारा की. इथं लोकं पितेत."

आईनं पदर सावरला. "चल आत. समदे बघायलेत."

जेवून बाहेर आलो तर अंधार पडला होता. "शेवभाजी लई चांगली होती," आई म्हणाली.

मी भांडायला हवं होतं का? तिलाच लाज वाटली असती.

उद्या: आईला विचारायचं, तिला खरंच आत बसायचं होतं का.